थांबे धरून

यंदाची वाट वैष्णवीनं ठरवायची, असं झुंबर अण्णांनी दिवाळीच्या फराळालाच जाहीर करून टाकलं आणि चिवड्याची बशी तिच्यापुढे सरकवली. जसं काही काम किरकोळ होतं. समोर त्यांच्यासोबत दर वर्षी डोंगर चालणारा हर्षल बसला होता. त्याने वैष्णवीकडे पाहिलं, मग अण्णांच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि लाडू तोंडात घातला. त्याला जे बोलायचं होतं ते पुढे महिनाभर फोनवरून आलं.

दर जानेवारीत नाशिकची पाच माणसं पाठीवर पिशव्या मारून निघतात आणि सातमाळ रांगेचा एक तुकडा तीन दिवसांत माथ्यावरून पार करतात. पहिल्या दिवशी मुळाणे खिंडीतून चढून रावळ्या-जावळ्याच्या पठारावर मुक्काम. दुसऱ्या दिवशी धारेने चालत धोडप. तिसऱ्या दिवशी कांचना करून खेळदरीला उतरायचं आणि घरी. ही चाल अण्णांनी सुरू केली. एसटीत कंट्रोलर होते ते. जुन्या सीबीएस बस स्थानकावर तीस वर्षं गाड्या लावल्या, माणसांच्या शिव्या खाल्ल्या आणि स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर डोंगराकडे वळले. अकरा वर्षांत त्यांची एकही खेप चुकली नव्हती. आता सहासष्ट वर्षांचे होते.

वैष्णवी कॉलेजात असल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, त्यांच्यामागून चालत होती. आता रसायनशास्त्राची एम.एस्सी. होऊन सिन्नरच्या औषध कारखान्यात प्रयोगशाळेत लागली होती. गोळ्या विरघळायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं आणि पास किंवा नापास लिहायचं. आठवड्याला पाळी बदलायची, त्यामुळे झोपेचं गणित कधीच जमत नव्हतं. अंग कायम आंबलेलं असायचं, डोक्यात मशीनची घरघर. वर्षातले ते तीन दिवस सोडले तर तिला मोकळं असं काही उरलं नव्हतं.

आणि आता तेच तीन दिवस तिच्या गळ्यात पडले होते.

वाटा दोनच होत्या. वरची धारेची, म्हणजे शिखरांवरून. खालची गावांची, म्हणजे द्राक्षबागांच्या कडेने, निम्मी डांबरी.

"वरून गेलो तर अण्णांना झेपणार नाही," हर्षल म्हणाला. "खालून गेलो तर तो ट्रेक नाही, वरात आहे. मागच्या वर्षी धोडपला कसे पोचलो आठवतंय ना? ठरवणार तू. मग तूच सांग त्यांना, यंदा घरी बसा म्हणून."

"तू सांग ना."

"मी सांगितलं तर भांडण होईल. तू सांगितलंस तर निर्णय होईल. शास्त्रज्ञ आहेस तू."

"मी गोळ्या मोजते, हर्षल."

"तेच. मोज."

तिने मोजायला घेतलं. अण्णांची एक निळी वही होती. तिच्यात अकरा वर्षांच्या चालीच्या वेळा त्यांच्या ठसठशीत अक्षरात होत्या. खिंड ते पठार, एक तास पन्नास. पठार ते धोडप, सहा तास चाळीस. पहिल्या वर्षापासून मागच्या वर्षापर्यंत आकडे दहा मिनिटांपलीकडे हललेच नव्हते. तक्ता मांडला तेव्हा तिला हायसं वाटलं. जानेवारीत उजेड अकरा तासांचा असतो. सहा तास चाळीस म्हणजे चैनच. अण्णा येऊ शकत होते, वरची वाट घेता येत होती, कोणाला काही सांगायची गरज नव्हती. तिने लॅपटॉप मिटला आणि तिथेच आडवी झाली.

पण झोप लागेना. प्रयोगशाळेत पहिली गोष्ट शिकवतात ती हीच की, आकडे फार नीटनेटके आले तर खूश व्हायचं नाही. एक तर यंत्र बिघडलंय, नाही तर माणूस. पंचावन्नाव्या वर्षी जेवढा वेळ लागला तेवढाच सहासष्टाव्या वर्षी?

तिने मोबाइलमधले मागच्या जानेवारीचे फोटो काढले. पठारावरून निघतानाचा फोटो सकाळी सहा पंचावन्नचा. धोडपच्या माचीवरचा पहिला फोटो संध्याकाळी पावणेसहाचा. दहा तास पन्नास मिनिटं. वहीत सहा चाळीस. मग तिने स्वतःच्या पहिल्या वर्षाचे फोटो शोधले. तेव्हा बरोबर आठ तास लागले होते. वहीत सहा पस्तीस.

म्हणजे वही आणि जग यांच्यात पाच वर्षांपूर्वी दीड तासाचंही अंतर नव्हतं. मागच्या वर्षी ते चार तासांच्या वर गेलं होतं.

अण्णा खोटं लिहितात असं तिच्या मनात येईना. सीबीएसवर दोन मिनिटं उशिरा सुटलेली गाडी दोन मिनिटं उशिरा म्हणून लिहिणारा माणूस तो. मग हे चार तास गेले कुठे?

*

चालीच्या आधी तीनेक आठवडे कोणीतरी पठारावर जाऊन टाक्यातलं पाणी बघून यायचं, असा रिवाज होता. पाणी नसलं तर पाच माणसांचं पाणी पाठीवर वाहावं लागतं आणि सगळं गणित बदलतं. यंदा वैष्णवीने अण्णांनाच बरोबर येता का विचारलं. डिसेंबरचा दुसरा रविवार. आदल्या दिवशी तिची दुसरी पाळी होती. ती जेमतेम चार तास झोपली होती.

अण्णांच्या हिरावाडीतल्या घराच्या दारात त्यांच्या पत्नी यशोदाबाई दशम्यांचं फडकं घेऊन उभ्या होत्या.

"नेतेस तसे परत आण यांना, गं बाई," त्या म्हणाल्या. "रात्री जिना चढताना कठड्याला लोंबकळतात आणि दिवसा डोंगर चढायचे म्हणतात."

"जिन्याला वारा नसतो," अण्णा बूट बांधत म्हणाले.

"वारा लागतो तर गच्चीत बसा."

वणीपर्यंत एसटी, पुढे जीप. खिंडीत उतरले तेव्हा पावणेनऊ झाले होते. गार वारा कपड्यांतून आरपार जात होता. गवत सगळं वाळून पिवळं पडलं होतं. पश्चिमेला मार्कंड्या उन्हात उजळला होता, पूर्वेला रावळ्या अजून सावलीत. अण्णांनी खिशातून जुनं स्टॉपवॉच काढलं, बटण दाबलं. "डबल!" कंडक्टरच्या सुरात म्हणाले आणि चालू लागले.

चालताना ते पहिल्यासारखेच चालत होते. लहान पावलं, एका लयीत. वैष्णवीला धाप लागली तरी त्यांना लागली नव्हती. वीस मिनिटांनी एका सपाट दगडाशी ते थांबले.

"हा दगड बघ. इथे एकदा एका गुराख्याने मला कांदा-भाकर दिली होती." आणि बसले. बसताना अंगठा खिशात गेला. टक.

वैष्णवीने ते ऐकलं. कांदा-भाकरीची गोष्ट दहा मिनिटं चालली. मग अण्णा उठले, पुन्हा खिशात टक, आणि पुढे.

पुढच्या वळणावर मार्कंड्याकडे तोंड करून बसले. तिथली गोष्ट रस्ता चुकलेल्या लग्नाच्या गाडीची होती. त्यापुढे एका पळसाखाली, जिथून कळवणची बाजू दिसते. मग धारेच्या खांद्यावर, आणि मग तिथून शंभर पावलांवर. प्रत्येक जागेला एक गोष्ट, प्रत्येक गोष्टीआधी एक टक आणि नंतर एक टक.

वैष्णवी गोष्टी ऐकत होती, हसतही होती, आणि मनात मोजत होती. सहाव्या थांब्यावर तिला एकदम काहीतरी आठवलं. या सगळ्या गोष्टी तिला पाठ होत्या. पण तीन वर्षांपूर्वी त्या सपाट दगडाला गोष्ट नव्हती. त्या पळसालाही नव्हती. पहिल्या वर्षी खिंडीपासून पठारापर्यंत अण्णांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. वर्षागणिक त्या वाढत गेल्या आणि सगळ्यांना वाटत राहिलं, अण्णा म्हातारपणी बोलघेवडे झाले.

तिला रडू आलं नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं, आधी होती त्याहून जास्त.

"अण्णा, ते घड्याळ बसल्यावर बंद का करता?"

"मग? गाडी स्टँडात उभी असली तर ती धावते का?" त्यांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "रनिंग टाइम वेगळा, थांबे वेगळे. थांब्याचा वेळ ड्रायव्हरच्या माथी मारायचा नाही. तीस वर्षं तेच केलं."

"आणि थांबे कुठे लिहिता?"

"तिकडे ऑफिसात वेगळा रकाना असायचा."

"वहीत?"

अण्णांनी टोपी काढून डोक्यावरचा घाम पुसला. एवढ्या वाऱ्यात त्यांना घाम आला होता. "वहीत रकाना आखलाच नाही," ते म्हणाले. "सुरुवातीला थांबे होतेच कुठे?"

*

पठारावर पोचायला साडेबारा झाले. वस्तीतलं पहिलं घर अक्काबाईंचं. त्यांच्याच ओसरीवर दर वर्षी मुक्काम असायचा. अक्काबाई सुपात नागली पाखडत होत्या.

"आलं का आमचं पाखरू?" त्या अण्णांना बघून ओरडल्या. "मला वाटलं यंदा नाय दिसत. लय उशीर क्येला आज. सकाळपून खालनं टोपी दिसू राहिली, वर काय येईना!"

"गोष्टी सांगत होतो."

"डोंगराला? त्याला ठाव हायेत साऱ्या."

टाक्यात पाणी आहे का विचारल्यावर अक्काबाई म्हणाल्या, "हाय, पण लय खाली गेलंय. बघून या, माझ्या बोलण्याचा भरवसा नको."

टाकं जावळ्याच्या कड्याखाली, अजून पाऊण तास वर होतं. अण्णांनी पिशवीतून गाठी मारलेली दोरी काढली. गाठीगाठीत एक हात अंतर, टोकाला दगड. दर वर्षी ती दोरी ते स्वतः सोडायचे, दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचे नाहीत.

त्यांनी ती वैष्णवीपुढे धरली. "तूच ये बघून."

ती दोरी घेऊन गेली. पाय दगड झाले होते. टाक्याच्या काठावर ओणवं होऊन तिने दोरी सोडली आणि ओल्या गाठी मोजल्या. चार. चार हात पाणी, वर थोडं शेवाळ, खाली स्वच्छ. पाच माणसांना पुरून उरेल. पूर्वेला धोडपचा माथा आणि कातळातली ती मोठी खाच स्पष्ट दिसत होती. मधली धार लांबच लांब, पिवळी, बिनसावलीची. तिने तिथेच बसून मोबाइलवर हिशेब केला. आज चालायला लागले एक तास पंचावन्न. थांबे धरून तीन तास चाळीस. म्हणजे जवळजवळ दुप्पट. हेच प्रमाण दुसऱ्या दिवसाच्या धारेला लावलं तर सहा चाळीसचे जवळपास तेरा तास होत होते. उजेड अकरा तासांचा.

तिने आकडे पुन्हा तपासले. तिसऱ्यांदाही तेच आले. गोळी नापास झाली की ती फेरचाचणीला टाकते. इथे फेरचाचणी कसली करणार?

खाली आली तेव्हा अण्णा भिंतीला टेकून बसले होते. पँटचा उजवा पाय मांडीपर्यंत वर दुमडलेला. गुडघ्याला पट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीच्या वर-खाली सूज आली होती. तिला पाहून त्यांनी पँट खाली ओढली नाही.

"किती गाठी?"

"चार."

"छान." मग दोरी गुंडाळायला घेत, "आणि बाकीचं? तेही मोजलंस ना?"

"तुमच्या घड्याळाने सांगू का माझ्या?"

अक्काबाईंचं सूप आत कुठेतरी थडथडत होतं. अण्णांनी धोडपकडे पाहिलं.

"तुझ्या."

तिने सांगितलं. खिंडीपासून इथपर्यंतचं, मग धोडपपर्यंतचं. आकडा गोल केला नाही, मऊही केला नाही. अण्णांनी मान हलवली. एखादी गाडी घाटात बंद पडल्याचा फोन यावा आणि कंट्रोलरने तो ऐकून घ्यावा, तशी.

"मी म्हटलं खालच्या वाटेने जाऊ," वैष्णवी घाईघाईने म्हणाली. "सगळेच. पाणी आहे, गावं आहेत, तुम्हाला..."

"माझ्यासाठी चार माणसांना डांबरावरून चालवू नको. त्यापेक्षा एसटी काय वाईट?"

"मग मला का ठरवायला सांगितलंत?" तिचा आवाज चढला. तिला स्वतःलाच कळलं नाही तो इतका का चढला. "हर्षलला सांगायचं! मी आठवडाभर तिकडे पास-नापास लिहिते. माझे वर्षाचे तीन दिवस असतात, अण्णा. त्यातही मीच नापास लिहायचं? तेही तुम्हाला?"

अक्काबाईंचं सूप थांबलं. अण्णांनी पँट हळूच खाली केली.

"हर्षल बघितल्याबरोबर नाही म्हणाला असता," ते म्हणाले. "मी विचार न करता हो म्हणालो असतो. मोजलं कोणीच नसतं. मला मागच्या वर्षीच कळलं होतं गं, धोडप चढताना. पण घड्याळ सहा चाळीस दाखवत होतं, आणि मी घड्याळावर विश्वास ठेवला. तुला त्रास झाला. चुकलंच माझं."

अक्काबाईंनी कोरा चहा आणून दोघांच्या मध्ये ठेवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "गूळ घातलाय. प्या, भांडाया जोर येईल."

*

उतरायला तीन तास लागले. चढण्यापेक्षा उतरणं वाईट होतं. दर पावलाला अण्णांचा चेहरा आवळला जायचा. पहिल्याच उतारावर वैष्णवीने त्यांची पिशवी मागितली. त्यांनी दिली. अकरा वर्षांत अण्णांनी पिशवी कोणाला दिली नव्हती, आणि त्यांनी नाही म्हणावं म्हणून तर तिने मागितली होती. दोन पिशव्या दोन खांद्यांना अडकवून ती पुढे चालू लागली. गोष्टी आता नव्हत्या. बसायचं तिथे दोघं नुसती बसत.

खिंडीत पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. सूर्य मार्कंड्यामागे गेला होता, खिंडीत सावली पडून गारठा चढत होता. कळवणहून येणारी गाडी पावणेसहाला होती. रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर दोघं टेकली. इथे मोबाइलला रेंज होती. हर्षलचे सात मेसेज आले होते. शेवटचा होता: 'ठरलं का? वर की खाली?'

वैष्णवीने मोबाइल मांडीवर ठेवला. दिवसभरात पहिल्यांदाच ती काही मोजत नव्हती. मग तिने लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेली.

"पहिला दिवस. खिंड ते पठार, सगळे मिळून. अकरा थांबे धरून तीन तास चाळीस मिनिटं. कोणी पुढे पळायचं नाही. टाक्यात चार हात पाणी आहे. दुसरा दिवस. धोडपला धारेने जाणारे पहाटे निघतील. हर्षल पुढारी. पठारावर थांबणार..." ती थांबली. अण्णांकडे पाहिलं नाही. "पठारावर थांबणार अण्णा आणि मी."

"तू कशाला?" अण्णा एकदम ताठ झाले. "माझी राखण नको मला. अक्काबाई आहे. तू जा धोडपला, तुझे तीन दिवस आहेत ते."

"म्हणूनच. मला अक्काबाईंच्या ओसरीवर उन्हात झोपायचंय, अण्णा. दिवसभर. जेवायला उठवायचं, बाकी नाही. किती महिने झाले, मी उन्हात झोपले नाहीये."

अण्णांनी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना बहुधा आजच दिसली. "गोष्टी सांगितल्या तर?"

"मनातल्या मनात सांगा."

ते हसले. मग म्हणाले, "तिसऱ्या दिवशीचं लिही. आपण दोघं खिंडीत उतरून गाडीने जाऊ, खेळदरीला मी उभा असेन. पोरांनी वेळेवर उतरायचं, नाहीतर उशिरा म्हणून लिहीन."

तिने तेही लिहिलं आणि पाठवून दिलं. मिनिटभरात हर्षलचं उत्तर आलं: 'अकरा थांबे?? ट्रेक आहे की लाल डबा?'

तिने अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी थोडा विचार केला.

"कळव त्याला, लाल डबाच. आणि जागा मिळाली तर बसून घ्या."

थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून निळी वही काढली. मांडीवर उघडली, आजची तारीख टाकली. पेन घेऊन, हाताने, पट्टीशिवाय, पानाच्या उजव्या कडेला एक रेघ ओढली. रेघ वाकडी आली. वरती 'थांबे' असं लिहिलं आणि खाली एक तास पंचेचाळीस. लिहून झाल्यावर पूर्वीची पानं उलटून बघितली नाहीत. वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली.

"आता पुढचं तू लिही," ते म्हणाले. "माझं अक्षर मोठं आहे, दोन रकान्यांत मावत नाही."

पावणेसहा झाले, गाडी आली नाही. सहा वाजत आले. वाऱ्याने गवताची पाती रस्त्यावर येऊन पडत होती. वैष्णवीची मान एका बाजूला कलली, तिने ती कलू दिली. डोळे मिटण्याआधी तिला अण्णांचा तळहात दिसला. त्यात स्टॉपवॉच होतं. दोघं कधीची बसली होती, आणि काटा फिरत होता.